पाणी कमी, खोली पसंत

पाणी माझ्या हनुवटीला लागलं होतं आणि माझी भाडेकरू वरून सांगत होती, अजून येऊ दे.

मी माझ्याच हौदात उभी होते. अंगणातला, जमिनीखालचा हौद. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं एकवेळ घर नसलं तरी चालतं, हौद लागतो. तो सात फूट खोल आणि मी पाच फुटाला दोन बोटं कमी. डावा पाय घोट्यात मोडलेला, उजव्यावर भार देऊन कोपऱ्याला टेकलेली. वर दोन फूट बाय दोन फुटाचं तोंड, त्यात आभाळाचा तुकडा, आणि त्या तुकड्यात बाईचं डोकं. समोरच्या भिंतीतल्या पाईपातून धार पडत होती. एरवी मला तो आवाज आवडतो. त्या दिवशी आवडला नाही.

"कॉक बंद कर गं," मी म्हणलं. "तुझ्या उजव्या हाताला हाय."

"दिसतो मला," ती म्हणाली. "नाय बंद करत."

"मरते की मी इथं."

"बंद केला तर मरशील. गप उभी राहा. तोंड वर कर."

हे मराठी तिला मीच शिकवलेलं. त्यामुळं त्यात 'कृपया' नव्हतं.

तिला वेड लागलं होतं असं मी म्हणणार नाही. लागायला ते आधी नसावं लागतं. ती येतानाच घेऊन आली होती, थेट आसामातून, तीन दिवस रेल्वेत बसून, एका पत्र्याच्या पेटीत.

तिकडं ती चहाच्या मळ्यातल्या दवाखान्यात नर्स होती. सगळी नोकरी तिथंच काढली. निवृत्त झाल्यावर माणूस भावाकडं जातो, बहिणीकडं जातो, नाहीतर मुलाच्या दारात जाऊन सुनेची बोलणी खातो. हिनं वही घेतली आणि देशात कुठं राहायचं ते लिहून काढलं. वही मी नंतर पाहिली. मला चौथीपर्यंतचं वाचता येतं आणि तिचं हिंदी अक्षर मोठं होतं. समुद्र नको. मोठी नदी नको. वरच्या अंगाला धरण नको. गावात बरा दवाखाना पाहिजे. भाडं पेन्शनीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसलं पाहिजे. आणि सगळ्यात वर, दोन रेघा मारून, पाणी कमी पाहिजे.

लोक पाणी बघून घर घेतात. ही पाणी नसलेलं गाव शोधत निघाली होती.

आमच्या शहराचं नाव तिला एका जवानानं सांगितलं. तो इकडचा, लासूर स्टेशनचा. तिकडं नोकरीला असताना तापानं त्यांच्या दवाखान्यात पडला होता. तापात माणसं आईला हाका मारतात. हा पाण्याच्या टँकरला मारत होता. बरा झाल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं, की आमच्याकडं शहरातसुद्धा आठवड्यानं नळ येतो, हौद भरून ठेवावा लागतो, उन्हाळ्यात बायका घागरीवरून डोकी फोडतात. तो बिचारा दुखणं सांगत होता. हिनं औषधाच्या चिठ्ठीमागं गावाचं नाव लिहून घेतलं.

इथं आल्यावर तिनं स्टेशनजवळ लॉजमध्ये खोली घेतली आणि एक एजंट धरला. तो एजंट पुढं मला म्हणाला, "मावशी, वीस वर्षं झाली मला या धंद्यात. मी गिऱ्हाइकाला लई बंडला मारल्या. ह्या बाईनं मला खरं बोलायची पाळी आणली."

झालं असं, की त्यानं तिला आधी चांगल्या चांगल्या जागा दाखवल्या. रखवालदार, गेट, कॅमेरे, बाग. एका ठिकाणी मालक अभिमानानं म्हणाला, आमच्याकडं बोअरला चोवीस तास पाणी, कधी खंड नाय. बाईनं पर्स उचलली आणि जिना उतरली. दुसऱ्या ठिकाणी मालकिणीनं दाखवायला म्हणून मोरीतला नळ पूर्ण सोडला. बाई पांढरी पडली, भिंत धरून बाहेर आली आणि रिक्षात बसून राहिली. एजंटाला वाटलं, बाईला झटका आला. त्यानं तिला उसाचा रस पाजला.

शिवाय प्रत्येक ठिकाणी तिची एक परीक्षा असायची. दारासमोर रस्त्यावर उभं राहायचं, पिशवीतली बाटली काढायची आणि एक पेलाभर पाणी जमिनीवर ओतायचं. मग खाली बसून बघायचं, ते कुठं जातं. दाराकडं आलं तर घर नापास. तिथंच थांबलं तरी नापास. दारापासून लांब, दोन बाजूंना वाहून गेलं तर पास. आमच्याकडं एरिया चांगला का वाईट ते तिथं कोण राहतं यावरून ठरवतात. आपली माणसं आहेत का, हे पहिलं विचारतात, अन् आपली म्हणजे कोण ते ज्यानं त्यानं ठरवलेलं असतं. हिनं कुठल्याच गल्लीत कोण राहतं हे विचारलं नाही. उतार कुठं आहे तेवढं विचारलं.

शेवटी एजंटानं कंटाळून तिला माझ्याकडं आणलं. छावणीच्या पुढं, पडेगावच्या चढावर माझं घर आहे. आमच्या मालकांनी कंपनीत असताना बांधलेलं. मालक गेले, पोरगा पुण्यात, वरची खोली वर्षभर रिकामी. रिकामी का, तर येणारा विचारायचा, मावशी पाणी कसंय, आणि मी खरं सांगायची.

एजंटानं दारातच मला डोळा मारला. म्हणजे, पाण्याचं गोड बोला. मला डोळा मारलेला आता चालत नाही, तरुणपणीही चालला नव्हता. मी सरळ म्हणलं, "आठ दिवसांनी येतं. आलं तर. उन्हाळ्यात दहा. वरच्या टाकीत चढवायला मोटार लागते आणि मोटार माझ्या सासऱ्याच्या वयाची हाय."

एजंटानं कपाळाला हात लावला. बाई पहिल्यांदा हसली. बाहेर गेली, बाटली काढली, पेलाभर पाणी ओतलं. आमचं घर चढाच्या टोकाला, पाणी दोन्हीकडं पळालं. ती आत आली आणि तिनं आगाऊ भाडं माझ्या हातात ठेवलं. खोली अजून बघितलीच नव्हती.

मी माझे प्रश्न विचारले. मालकीण म्हणून विचारावे लागतात.

"मासे खाती का?"

"खाती हूँ."

"वरच्या मजल्यावरच शिजव. वास वर जातो. मला त्रास नाय, देवाला असंल तर तो बघून घेईल. घरात माणसं किती?"

"सात थे," ती म्हणाली.

"सात जण आलेले मला चालायचं नाय. हौद सात माणसांचा नाय."

तिनं बाटलीचं बूच घट्ट लावलं. मग म्हणाली, "कोई नहीं आएगा." मी म्हणलं, मग ठीक. मी हुशार बाई आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

पोराला फोनवर सांगितलं तर तो ओरडला. ना ओळख ना पाळख, कुठल्या कुठची बाई, आधार कार्ड बघितलं का. मी म्हणलं, बघितलं, फोटोत ती माणसासारखी दिसत नाही, म्हणजे कार्ड खरं आहे.

तिचं राहणं सांगण्यासारखं होतं. आमच्याकडं पावसाळ्यात ढग नुसते बघायला येतात, आणि हिनं वरच्या मजल्यावरच्या खाटेच्या चारी पायांखाली चार-चार विटा लावल्या. मी म्हणलं, "अगं, इथवर पाणी आलं तर खाली मी केव्हाच गेलेली असंन." ती म्हणाली, "तुम भी ईंट लगाओ." कागदपत्रं सगळी प्लास्टिकमध्ये, ते प्लास्टिक गाडीच्या ट्यूबमध्ये, ती ट्यूब छताच्या कडीला टांगलेली. पंख्याच्या वाऱ्यानं ती गोल फिरायची. मोबाईल तीन पिशव्यांत. फोन वाजला की ती एक-एक पिशवी सोडायची, तोवर तो बंद व्हायचा, मग ती पिशव्या पुन्हा बांधायची.

पाऊस पडला की गल्लीच्या खालच्या टोकाला, शेजारणीच्या फाटकापाशी, थोडं पाणी साचायचं. चिमणी न्हाईल इतकं. बाई छत्री घेऊन जायची, डबक्याच्या काठावर लिंबाची काडी रोवायची आणि पायरीवर बसून राहायची. पाणी काडीच्या वर चढतं का बघायला. तिकडं म्हणे असंच बघतात. काडी बुडाली की पेटी उचलायची. आमच्याकडची काडी चार पावसाळे कोरडी राहिली, पण तिनं बसणं सोडलं नाही.

शेजारणीनं हे सगळं बघितलं. बाईनं पहिल्या दिवशी ओतलेलं पाणी आणि आता तिच्या फाटकापाशी रोवलेली काडी. शेजारीण नोकरदाराची बायको, घरात दोन टीव्ही, पण डोकं एकच आणि तेही वापरात नसलेलं. पहिली काडी रोवली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा मिक्सर जळाला. झालं. ती माझ्याकडं आली.

"मावशी, तुमची ती आसामवाली भानामती करती."

"मिक्सरवर?"

"हसू नका. ती पाणी ओतून काय पुटपुटती. माझ्या दारात काडी रोवली. लगेच मिक्सर गेला."

"तू त्यात काय वाटत होतीस?"

"हळकुंड."

"मग भानामती तूच केली."

ती चिडून गेली आणि संध्याकाळी आमच्या फाटकाला लिंबू-मिरची बांधून गेली, बाईची बाधा बाहेर पडू नये म्हणून. सकाळी बाईनं ते सोडून आणलं. लिंबू ताजं होतं. तिनं वरणभातावर पिळलं, मिरची तोंडी लावली, आणि शेजारणीला बघून हात जोडून म्हणाली, "बहुत अच्छा नींबू." शेजारीण महिनाभर आमच्या अंगणात फिरकली नाही. मला तो महिना चांगला गेला.

मी तिला मराठी शिकवलं आणि तिनं मला टोमॅटोत मासा कसा शिजवतात ते सांगितलं, जे मी ऐकून घेतलं. ती मला दीदी म्हणायची. मी तिला बाई म्हणायची. आमच्यात प्रेमबीम काही नव्हतं. ती वेळेवर भाडं द्यायची आणि मी तिच्या खाटेला हसायची.

पाणी यायच्या दिवशी मात्र ती खाली यायची नाही. नळ आला की मी अंगणातून बोंबलायची, "पाणी आलं गं." ती बोंब गल्लीसाठी असायची, सात घरांना माझी सवय. ती ऐकली की सगळ्यांच्या मोटारी सुरू व्हायच्या. आणि वर बाई खिडकी लावून घ्यायची. हौदाच्या जवळ ती कधी गेली नाही. झाकण उघडं असलं की भिंतीला पाठ लावून, तिरकी चालत फाटकापर्यंत जायची. मी मनात म्हणायची, एवढी शिकलेली बाई, आणि झाकणाला भिते.

आता हौदात परत जाते. मला तिथं सोडून बराच वेळ झाला.

पाणी यायच्या आदल्या दिवशी हौद धुवायचा, हा माझा नेम. तळाला चार बोटं पाणी आणि गाळ राहतो, तो मगानं काढायचा, फडक्यानं पुसायचा. पोरगा म्हणतो माणूस लाव. माणूस फडकं नुसतं फिरवतो. मी स्वतः उतरायची. हौदात मालकांनी लोखंडी पायऱ्या बसवल्या होत्या, भिंतीत ठोकलेल्या. दोन वर्षं झाली, गंजल्या आहेत हे मला माहीत होतं. शेजारणीला दिवसातून चार वेळा अक्कल शिकवणाऱ्या मला हेही माहीत होतं, की गंजलेलं लोखंड मोडतं. वरच्या दोन पायऱ्यांवर मी नीट उतरले. तिसरी माझ्याबरोबर खाली आली आणि जाताना दुसरीलाही घेऊन आली.

पाय मोडला तेव्हा आवाज झाला. मी बसून राहिले. आधी वाटलं, कुणी तरी येईल. दुपारची वेळ, गल्लीत बायका झोपलेल्या, पुरुष कामाला. ओरडले तर आवाज हौदातच फिरायचा. मग ठरवलं, बसू. उद्या पाणी यायच्या आधी कुणी ना कुणी येईलच.

आमच्या नळाला कधी वेळेवर पाणी आलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी ते एक दिवस आधी आलं.

कॉक उघडाच होता, आम्ही तो बंद करतच नाही. पाईप आधी खोकला, मग धार लागली. पाठोपाठ गल्लीतल्या मोटारी एकेक सुरू झाल्या, मी न बोंबलता. त्यानंतर मी किती ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कंबरेला. मी भिंतीला धरून उभी राहिले. जन्मभर देवाला हात जोडले ते नळ जाऊ नये म्हणून. त्या दिवशी जावा म्हणून जोडले. देवाला वाटलं असेल म्हातारी आता चळली.

पाणी छातीच्या वर आलं तेव्हा वर बाईचं डोकं दिसलं.

"पाणी आलं आणि तू बोंबलली नाय," ती म्हणाली. "मला वाटलं, मेली."

"अजून नाय. कॉक बंद कर."

ती दिसेनाशी झाली. मी म्हणलं, गेली बंद करायला. तिनं जाऊन आधी मोटारीची पिन काढली, पाण्यात करंट उतरू नये म्हणून. मग परत आली, हौदाच्या काठावर पालथी पडली आणि आत बघितलं. जी बाई झाकण उघडं दिसलं की भिंतीला पाठ लावून चालायची, ती. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता आणि दात वाजत होते. मला वाटलं, आता ही पण आत पडणार आणि आम्हा दोघींचा कार्यक्रम एकाच दिवशी होणार.

"हात दे," मी म्हणलं आणि हात वर केला.

तिनं आपला हात पाठीमागं नेला.

ते मी विसरलेले नाही. माणूस बुडतोय, हात वर करतोय, आणि समोरचं माणूस हात लपवतंय. मी तिला त्या क्षणी जे बोलले ते इथं लिहीत नाही. ते मराठी तिला शिकवलेलं नव्हतं, पण तिला कळलं.

"मी पस्तीस किलो," ती म्हणाली. "तू दोन पोती. मी तुला उचलणार? पाणी उचलेल. येऊ दे."

मग ती पळाली. पळण्याचं तिचं वय नव्हतं. पिण्याच्या पाण्याचे ते निळे मोठे जार असतात ना, वीस लिटरचे, माझ्या स्वयंपाकघरात दोन रिकामे होते. तिनं ते आणले, बुचं घट्ट लावली, दोन्हींच्या गळ्याला तिचीच साडी बांधली, मधे हातभर अंतर ठेवून, आणि ते हौदात सोडले. स्वतः परकरावर.

"एक एका काखेत. साडी छातीवर. पाय सोड."

"पाय सोडला तर बुडन मी."

"पाय मोडलाय. त्याचा तसाही उपयोग नाय. सोड."

मी सोडला. पाण्यानं मला खरंच धरलं. जार काखेत दाबून मी तरंगत होते, सत्तरीला आलेली, आयुष्यात विहिरीत पाय न घातलेली. हौदाची भिंत विटांची, आतून प्लास्टर उडालेलं. बाई वर पडून विटा मोजत होती.

"अजून सहा विटा."

"कॉक बंद करतीस का नाय, सांग."

"पाच विटा."

तिला कशाची भीती होती ते मला नंतर कळलं. माझी नाही. नळाची. आमचं पाणी कधी जाईल त्याचा नेम नसतो, अर्ध्या तासात जातं, पाऊण तासात जातं. मधेच गेलं असतं तर मी तशीच लोंबकळत राहिले असते, ना खाली ना वर, गार पाण्यात. पाण्याला भिऊन अर्धा देश ओलांडून आलेली बाई हौदावर पालथी पडून पाईपाला म्हणत होती, "थांबू नको. आता थांबू नको." तीन विटा राहिल्या तेव्हा धार बारीक झाली. मी वर बघितलं तर तिनं डोळे मिटलेले. मग शेजारच्या कुणी तरी मोटार बंद केली असावी, कारण धार पुन्हा जाड झाली.

दोन विटा राहिल्यावर माझं डोकं हौदाच्या तोंडातून बाहेर आलं. बाईनं मला हात लावला नाहीच. म्हणाली, "कोपरं काठावर टेक. मला धरू नको. सिमेंट धर." मी सिमेंट धरलं. पण पुढं वर चढायला अंगात काही उरलं नव्हतं, आणि हौद भरून पाणी आता अंगणात, अंगणातून गल्लीत चाललं होतं.

त्यामुळं शेजारीण आली. भांडायला आली होती. पदर खोचलेला, तोंड आधीच उघडलेलं. "मावशी, काय हे, माझ्या दारात सगळं पाणी, लोकांना पेलाभर मिळत नाय अन् तुम्ही रस्ता धुता व्हय," आणि बघते तर फरशीतून माझं डोकं उगवलेलं आणि आसामवाली परकरावर.

तिचं वाक्य पूर्ण झालं नाही. हे एकदाच घडलं.

"काख धर," बाई तिला म्हणाली, नर्सबाईच्या आवाजात. "पाय हलवू नको तिचा. मी म्हणल्यावर ओढ."

दोघींनी ओढलं. शेजारीण धट्टीकट्टी आहे, ते तेव्हा कामाला आलं. मी फरशीवर पडले, आणि बाईनं पहिलं काम काय केलं असेल तर उठून कॉक बंद केला. मग गुडघ्यांत डोकं घालून बसली आणि ओकली.

माझा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. पोरगा आला, सुनेचा निरोप घेऊन आला, घर विकू, पुण्याला चल, तिथं सोसायटीत सगळं सेफ आहे. मी विचारलं, "पाणी किती येतं?" म्हणाला, चोवीस तास. मी म्हणलं, मग नको. बाई दारात उभी होती, ती हसली. पोराला वाटलं आम्हा दोघींना एकच रोग झालाय.

त्या सहा आठवड्यांत तिनं माझा छळ केला. सकाळी सहाला ताप बघायचा, माझा कधी ताप नसताना. हाताला धरून संडासला न्यायचं. गोळ्या तळहातावर मोजून द्यायच्या आणि तोंड उघडून दाखवायला लावायचं. मी एकदा म्हणलं, "त्या दिवशी हात दिला नाहीस आणि आता हात सोडत नाहीस."

ती गोळ्या मोजत होती. मोजता मोजताच बोलली, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. रात्रीतून नदी आली होती. तिचं लग्न होऊन तीन वर्षं झालेली. घरातून सात जण होडीत चढले. होडी झाडाला लागून उलटली. "मैंने खाली डिब्बा पकड़ा," ती म्हणाली. "तेलाचा रिकामा डबा होता. बाकीच्यांनी एकमेकांना धरलं." मग तिनं दोन गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या आणि पाण्याचा पेला पुढं केला.

पहिल्या दिवशी मी तिला म्हणाले होते, हौद सात माणसांचा नाय. ते आठवलं. मी गोळ्या घेतल्या आणि तोंड उघडून दाखवलं.

पुढच्या वर्षी आमच्या गल्लीत मोठा नवा पाईप पुरला. आता रोज पाणी येणार म्हणून शेजारणीनं पेढे वाटले. बाईनं पेढा खाल्ला, कागद नीट घडी करून मला दिला, वर गेली आणि खाटेखालच्या विटा काढायला लागली. मी जिना चढून गेले, मोडका पाय ओढत.

"अगं, पाईप आलाय. पाणी कुठं आलंय? आपल्या हयातीत यायचं नाय."

"आलं तर?"

"आलं तर कॉक बंद ठेवू."

"दीदी, तू ठेवशील?"

मी ठेवणार नव्हते. तिला ते माहीत होतं. रोज पाणी येणार असेल तर मी रोज बोंबलणार होते.

तिनं खुलताबादला खोली घेतली, डोंगरावर. जाऊन दारात पेलाभर पाणी ओतून आली होती, चारी बाजूंनी पळालं म्हणाली. सोळा विटा माझ्या होत्या, त्या तिनं अंगणात नीट रचून ठेवल्या. ट्यूब गळ्यात अडकवली, पेटी रिक्षात घातली. जाताना मला म्हणाली, "हौदाला शिडी लाव. लाकडाची नाय. स्टीलची." मी म्हणलं, बघू. लावली.

महिन्यातून एकदा ती फोन करते. पिशव्या सोडून करते म्हणजे तिला खरंच बोलायचं असतं. विचारते, "पाणी किती?" मी सांगते. ती म्हणते, "आणि तू?" मी म्हणते, "आहे." ती फोन ठेवते. पैसे वाया घालवायची तिला सवय नाही.

शेजारीण ही गोष्ट हळदीकुंकवाला, बारशाला, जिथं मिळेल तिथं सांगते. तिच्या गोष्टीत आता हौद वीस फूट खोल झालाय, तिनं एकटीनं उडी मारली, आणि मागच्या वेळी ऐकलं तेव्हा आत तीन बायका पडल्या होत्या, त्यातली एक मेली. म्हणून लिहून ठेवते. त्या दुपारी माझ्या अंगणात दोन म्हाताऱ्या होत्या. एक हौदात, एक हौदावर. दोघी जगल्या.